स्टेनोच्या वह्या

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत २३ वह्या सापडल्या. वरच्या बाजूने उलटायच्या, स्पायरलच्या, पानाच्या मधोमध एक उभी तांबडी रेघ असलेल्या. आत सगळीकडे पेन्सिलीच्या रेघोट्या, आकडे, ठिपके. आई फोर्टातल्या एका ऑफिसात स्टेनो होती. पिटमनचं शॉर्टहँड, मिनिटाला १२० शब्द. पिटमनमध्ये तिरपी रेघ हलकी ओढली तर ‘प’, दाबून ओढली तर ‘ब’. घाईत लिहिताना स्वर बहुतेक गाळलेलेच. म्हणजे ज्याने लिहिलं त्यालाच कळणार, आणि तेही ताजं असेपर्यंत. आमच्या घरात कुणालाच त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. वह्या रद्दीत घालवेनात, आणि ठेवून करायचं काय तेही समजेना.

त्याच पावसाळ्यात कुठेतरी वाचलं की स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात अशाच सुमारे ६७० वह्या आहेत. त्या अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेनच्या. पिप्पी लाँगस्टॉकिंग लिहिणारी ती बाई आधी स्टेनो होती आणि नंतर जन्मभर पुस्तकाचा पहिला खर्डा तिने शॉर्टहँडमध्येच केला. सकाळी उठायचं, बिछान्यातच वही मांडीवर घ्यायची आणि लिहायचं. वाक्य मनासारखं होईपर्यंत तिथेच खोडायचं, पुन्हा लिहायचं, मग टाइपरायटरवर स्वच्छ प्रत काढायची. त्यामुळे तिची टंकलिखितं नितळ आहेत आणि सगळी झटापट राहिली ती वह्यांत. तिची लिपी स्वीडनमधली मेलिन पद्धतीची. या वह्या कुणाला वाचता येणार नाहीत असंच बरीच वर्षं धरून चाललेलं होतं. मग २०२० साली संशोधकांनी प्रकल्प काढला आणि शॉर्टहँड येणारी जुनी माणसं मदतीला घेतली. निवृत्त सेक्रेटरी बायका घरी बसून एकेक पान उलगडताहेत, हे वाचून मला आईच्या मैत्रिणीच डोळ्यांसमोर आल्या.

पिप्पी मला माहीत होती. मुलगी लहान असताना इंग्रजीतून वाचून दाखवली होती. लाल वेण्या आडव्या ताठ उभ्या राहिलेली, नऊ वर्षांची, घोडा उचलणारी. तेव्हा ती मला निव्वळ मस्तीखोर वाटली होती. लिहिणाऱ्या बाईविषयी मात्र काहीच ठाऊक नव्हतं. वह्यांच्या निमित्ताने तिचं चरित्र हातात आलं आणि १९२६ सालापाशी मी अडकले.

तिथपर्यंतची गोष्ट सुखाची आहे. स्मोलांद प्रांतात विमरबी नावाचं छोटं गाव, गावाला लागून नेस ही चर्चच्या मालकीची शेतजमीन. ती खंडाने कसणाऱ्या सामुएल आउगुस्त एरिकसन आणि हाना यांच्या चार मुलांतली अ‍ॅस्ट्रिड दुसरी, १४ नोव्हेंबर १९०७चा जन्म. मोठा भाऊ गुन्नार, पाठच्या दोन बहिणी. बालपणात आम्हाला दोन गोष्टी मिळाल्या, सुरक्षितपणा आणि मोकळीक, असं ती पुढे सांगायची. गोठ्यावरच्या गड्याच्या घरी, क्रिस्टीनच्या स्वयंपाकघरात, क्रिस्टीनच्या मुलीने, एडितने, तिला एक राक्षसाची आणि परीची गोष्ट वाचून दाखवली. त्या चुलीपाशी पुस्तक नावाची चीज तिला पहिल्यांदा भेटली. आपल्याकडे एखाद्या लेखकाने ‘माझं पहिलं ग्रंथालय म्हणजे गड्याची चूल’ असं लिहिलं तर आपण त्याला साहित्य संमेलनात टाळ्या देऊ. ती हे अगदी साधेपणाने सांगते.

तेराव्या वर्षी शाळेतला निबंध गावच्या ‘विमरबी तिदनिंग’मध्ये छापून आला. त्याच वर्तमानपत्रात ती पुढे उमेदवारीला लागली. बातम्या लिहायची, प्रुफं तपासायची. जाझचं वारं होतं. तिने केस कापून बॉब केला. आधी वडिलांना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, मग घरी येऊच नकोस. तरी कापले, आणि गेलीही घरी.

अठराव्या वर्षी तिला दिवस गेले. मूल संपादकाचं होतं. राइनहोल्ड ब्लॉमबेर्य तिच्याहून तीस वर्षांनी मोठा, लग्न झालेला, घटस्फोटाचा खटला चाललेला. तो लग्नाला तयार होता. तयार नव्हती ती. मला मूल हवं होतं, मुलाचा बाप नको होता, असं तिने खूप नंतर सांगितलं. गावभर कुजबुज झाली आणि ती स्टॉकहोमला गेली. टायपिंग आणि शॉर्टहँडच्या वर्गात नाव घातलं.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. चहा केला. आमच्या आईनेही टायपिंग-शॉर्टहँडचा वर्ग पोटापाण्यासाठीच लावला होता. तिची कारणं वेगळी, रीतसर लग्नाच्या संसाराची. पण बाईला स्वतःच्या पायावर उभं राहायचं असेल तर जगाने जे मोजके दरवाजे किलकिले ठेवले होते त्यांतला एक टायपिंग-शॉर्टहँडचा, स्टॉकहोमला १९२६ साली आणि मिरजेला १९६५ साली.

लग्नाशिवाय बाळंत होणाऱ्या बाईला स्वीडनमध्ये बापाचं नाव सांगावं लागे, आणि ब्लॉमबेर्यच्या खटल्यात ते नाव घातक ठरलं असतं. एवा आंदेन ही वकीलबाई, स्वीडनच्या वकील संघटनेतली पहिली स्त्री, तिच्या मदतीला आली. कोपनहेगनच्या रिग्सहॉस्पितालेतमध्ये नाव न विचारता बाळंतपण करत. ४ डिसेंबर १९२६ला तिथे लार्स जन्मला. सगळे त्याला लासे म्हणत. कोपनहेगनमध्येच मारी स्टीव्हन्स नावाच्या बाईकडे त्याला ठेवलं आणि एकोणीस वर्षांची आई स्टॉकहोमला परतली.

मग तीन वर्षं रात्रीची गाडी. पैसे साठले की स्टॉकहोमहून स्वस्तातलं तिकीट काढायचं, रात्रभर प्रवास करून कोपनहेगन गाठायचं, जेमतेम एक दिवस पोराबरोबर काढायचा, पुन्हा गाडीत बसायचं, उतरलं की ऑफिस. पोट मारून राहायची. घरून आलेल्या खाऊच्या टोपल्यांवर दिवस निघायचे. लासे डॅनिश बोलायला शिकला. त्याच्या लेखी घर ते होतं आणि आई ती होती. ही कधीतरी येणारी, हसरी, पाहुणी.

मला ही गाडी ठाऊक आहे. आमची महालक्ष्मी एक्स्प्रेस होती.

परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, आईबाबा दोघंही नोकरीला. म्हणून मी दोन वर्षांची असल्यापासून सहाव्या वर्षापर्यंत आजोळी, मिरजेला. महिन्या-दीड महिन्याने आई शनिवारी रात्री व्हीटीला महालक्ष्मीत बसायची, रविवारी पहाटे दारात उभी. त्याच रात्री मी झोपल्यावर परत. मी आजीला ‘आई’ म्हणायचे आणि आईला ‘मुंबईची आई’. ती आली की आधी सुतळीने माझं माप घ्यायची. छाती, उंची, बाही. सुतळीला गाठी मारून ठेवायची. मला त्या मापाचा संताप यायचा. दारात उभी राहिल्या राहिल्या कुशीत घ्यायचं सोडून ही बाई दोरी कसली काढते? मी हात खाली करून लाकडासारखी उभी राहायचे. आजी म्हणायची, ‘अगं, नीट उभी राहा की गं, तिला परत जायचंय.’

चरित्रकार ही तीन वर्षं आईच्या बाजूने सांगतात आणि ते रास्तच आहे. पण मी ती वाचते ती लासेच्या बाजूने. पाहुण्या आईवर माया करायची की नाही, हे लहान मुलाला ठरवता येत नाही.

१९२९च्या अखेरीस मारी स्टीव्हन्स आजारी पडली. जानेवारी १९३०मध्ये अ‍ॅस्ट्रिडने लासेला स्टॉकहोमला आणलं. त्याला डांग्या खोकला झाला होता. भाड्याच्या खोलीत ती रात्रभर तो खोकला ऐकत जागी. मे महिन्यात नेसहून निरोप आला आणि हानाने नातवाला घरी नेलं. गावाच्या नाकावर टिच्चून, म्हणा. १९३१मध्ये ऑटोमोबाइल क्लबातल्या आपल्या वरिष्ठाशी, स्तूरे लिंडग्रेनशी तिने लग्न केलं आणि मग लासे तिच्याजवळ राहायला आला. बाकीच्या आया बागेत बाकावर बसून मुलांकडे बघत, ही झाडावर चढे, घसरगुंडीवरून घसरे. एकदा धावत्या ट्रॅमवर उडी घेतली आणि कंडक्टरने दंड ठोठावला, ही आठवण लासेने सांगितलेली आहे. हरवलेली तीन वर्षं ती खेळून भरून काढत होती, असं मला वाटतं. भरून निघतात की नाही ते मी सांगणार नाही.

१९३४मध्ये कारिन झाली. १९३९च्या १ सप्टेंबरला युद्ध पेटलं त्या दिवसापासून अ‍ॅस्ट्रिड रोजनिशी लिहू लागली, वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवून. १९४०पासून तिला टपाल तपासणीची गुप्त नोकरी मिळाली. परदेशी जाणारी-येणारी पत्रं उघडून वाचायची. तिला ते घाणेरडं काम वाटे, पण युरोपात ज्यूंचं काय चाललंय हे तिला त्या पाकिटांतून कळत होतं. दिवसा ही पत्रं, संध्याकाळी मुलांचा अभ्यास. १९४१च्या हिवाळ्यात न्यूमोनियाने बिछान्याला खिळलेली सात वर्षांची कारिन म्हणाली, ‘पिप्पी लॉंगस्त्रुम्पची गोष्ट सांग.’ पिप्पीचं हे मूळ स्वीडिश नाव कारिनने त्या क्षणी बनवलेलं. नावच चमत्कारिक, मग पोरगीही चमत्कारिक निघाली. गोष्टी वाढत गेल्या. मार्च १९४४मध्ये अ‍ॅस्ट्रिड बर्फावरून घसरली, घोटा मुरगळला, सक्तीने पडून राहणं आलं. तेव्हा त्या गोष्टी वहीत उतरल्या, शॉर्टहँडमध्ये. मे महिन्यात कारिनच्या दहाव्या वाढदिवसाला स्वच्छ टाइप केलेली प्रत भेट दिली. दुसरी प्रत बोनियर या बड्या प्रकाशनाला पाठवली. सोबतच्या पत्रात तिने आशा व्यक्त केली होती की तुम्ही बालकल्याणवाल्यांना कळवणार नाही. बोनियरने हस्तलिखित परत केलं.

त्याच उन्हाळ्यात स्तूरेचं मन दुसऱ्या बाईवर बसलं होतं आणि घर मोडायला आलं होतं. घर टिकलं, पण स्तूरे दारूने खंगत गेला आणि १९५२मध्ये वारला. हे सगळं बाजूला चालू असताना पिप्पीचं हस्तलिखित तिने सुधारलं आणि राबेन अँड श्योग्रेन या लहानशा प्रकाशनाच्या स्पर्धेत धाडलं. १९४५मध्ये पहिलं बक्षीस, आणि त्याच वर्षाअखेर पुस्तक. इंग्रिड वांग न्यूमानची चित्रं. पुढच्या वर्षी योन लांडक्विस्ट या प्रोफेसराने टीका झोडली. कोणतं धड मूल चहापानाला जाऊन अख्खा केक संपवतं, असा त्यांचा मुद्दा. खरंच, धड मूल एका हाताने घोडाही उचलत नाही, पण ज्याला घोडा उचलता येतो त्याला केकही जमेल, अशा अर्थाचं तिने नंतर म्हटलं. प्रोफेसरांना इतकं सोपं गणित कसं सुटलं नाही!

मी पिप्पी पुन्हा वाचली ती यानंतर. आणि या वेळी घोडा दिसलाच नाही. दिसलं ते हे की पोरगी एकटी राहते. आई स्वर्गात, बाप समुद्रात वाहून गेलेला. झोपताना ती स्वतःच स्वतःला दटावते, झोप म्हणून. आभाळाकडे बघून आईला हात हलवते आणि सांगते, काळजी करू नकोस, माझं मी बघते. घोडा उचलण्याची ताकद, सोन्याच्या नाण्यांनी भरलेली पेटी हे सारं त्या एकटेपणाला पुरून उरण्यासाठी दिलेलं. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी शेजारची टोमी आणि अन्निका खिडकीतून बघतात, तर पिप्पी स्वयंपाकघरात टेबलाशी बसलीय. समोर मेणबत्ती. ज्योतीकडे टक लावून. तिने मान वर केली तर आपण हात हलवू, असं ती दोघं ठरवतात. ती मान वर करत नाही. मेणबत्ती फुंकते. माझ्या मुलीने या जागी ‘मग पुढे?’ असं विचारल्याचं आठवतं. पुढे पानच नाही.

आणि ‘मिओ, माय सन’, १९५४चं. स्टॉकहोमच्या तेग्नेरलुंडेन नावाच्या छोट्या बागेत बाकावर बसलेला नऊ वर्षांचा बोसे. पालक आई-बापाकडे वाढतोय, त्यांना खरं तर मुलगी हवी होती. एका बाटलीतला जिन्न त्याला दूरदेशी नेतो. तिथला राजा त्याचा बाप निघतो आणि त्याचं खरं नाव मिओ असतं. घोडा, लढाई, लोखंडी हाताचा सरदार, सगळं होतं. आणि अगदी शेवटी बोसे आपल्याला बजावून सांगतो की एडला काकूला, म्हणजे त्या पालक आईला, वाटतं मी बाकावर बसून रडतोय, पण तिचं चुकतंय. मी बाकावर नाही, मी दूरदेशी आहे, माझ्या बापापाशी. एवढं बजावतो की वाचणाऱ्याला बाकच दिसू लागतो. हे लिहिणारी बाई मुलांसाठी सुखान्त गोष्टी लिहिते असं म्हणणाऱ्यांनी हे पान एकदा मोठ्याने वाचावं.

तिला लासेविषयी विचारलं की ती फार बोलत नसे. १९७७मध्ये मार्गारेता स्ट्रमस्टेडच्या चरित्रात ही हकीकत पहिल्यांदा छापली गेली, तेव्हा अ‍ॅस्ट्रिड सत्तरीला टेकली होती. पुस्तकं मात्र आधीपासूनच बोलत होती.

बाकीची कारकीर्द मी भराभर सांगते, कारण ती सगळीकडे मिळते. १९४६ ते १९७० ती राबेन अँड श्योग्रेनमध्ये बालसाहित्याची संपादक होती. सकाळी स्वतःचं लेखन, दुपारनंतर इतरांचं. तिची पुस्तकं: बुलरबीची मुलं, छपरावरचा कार्लसन, एमिल, लायनहार्ट बंधू, १९८१ची रोन्या. शंभराहून अधिक भाषांत भाषांतरं. १९५८चं हान्स ख्रिश्चन अँडरसन पदक. १९७६मध्ये तिच्या मिळकतीवर १०२ टक्के कर बसतो हे लक्षात आल्यावर तिने वर्तमानपत्रात त्यावर एक परीकथा लिहिली. अर्थमंत्र्यांनी बाईंना गोष्टी येतात, हिशेब येत नाही असा शेरा मारला, आणि त्या वर्षी सोशल डेमोक्रॅट पक्षाची चव्वेचाळीस वर्षांची सत्ता गेली. एकट्या परीकथेने नव्हे, पण तिचाही हातभार लागलाच. गाईगुरांसाठी ती इतकी भांडली की १९८८च्या प्राणी संरक्षण कायद्याला लोक ‘लेक्स लिंडग्रेन’, म्हणजे लिंडग्रेन कायदा, म्हणू लागले. सत्तरीच्या उंबरठ्यावर मैत्रिणीबरोबर झाडावर चढली. म्हाताऱ्यांनी झाडावर चढू नये असं मोशेच्या कायद्यात कुठे लिहिलंय, असं तिचं म्हणणं.

एका भाषणापाशी मात्र थांबते. ऑक्टोबर १९७८, फ्रँकफर्ट, जर्मन ग्रंथव्यवसायाचा शांतता पुरस्कार. भाषणाची प्रत आधी बघून आयोजकांनी सुचवलं की पुरस्कार घ्या, दोन शब्दांत आभार माना. ती म्हणाली, भाषण नाही तर मीही नाही. मग तिने एका बाईची गोष्ट सांगितली. पोराने काही आगळीक केली म्हणून आईने त्याला बाहेरून फोक आणायला पाठवलं. पोरगा बराच वेळ आलाच नाही. आला तो रडत, हातात दगड. फोक सापडला नाही गं, पण हा दगड आहे, हा मला मारता येईल. आईला एकदम सगळं त्याच्या बाजूने दिसलं: आईला मला दुखवायचंच आहे, तर दगडाने काय बिघडतं. तो दगड तिने स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिला. १९७९मध्ये स्वीडनने मुलांना मारण्यावर घरातसुद्धा बंदी घातली, असं करणारा पहिला देश. त्या कायद्याची तयारी आधीपासून चालू होती, म्हणून भाषणाने कायदा केला असं मी म्हणणार नाही. ‘छडी लागे छमछम’ घोकत आणि निरगुडीचा फोक चुकवत वाढलेल्या माझ्यासारखीला मात्र तो दगड कायद्यापेक्षा जड वाटतो.

१९८६मध्ये लासे वारला, आईच्या आधी. त्यानंतर ती सोळा वर्षं जगली. दालागातान ४६, स्टॉकहोममधलं तिचं जुनंच घर. नजर गेली, ऐकू कमी येऊ लागलं. बहिणींशी रोज फोन व्हायचा, आणि फोन उचलल्याबरोबर ‘मरण, मरण’ असं म्हणून तो विषय एकदाचा उरकायचा, मग इतर गप्पा. २८ जानेवारी २००२ला ती गेली. ८ मार्चला अंत्ययात्रा निघाली, शवपेटीमागे एक पांढरा घोडा. दफन विमरबीला, आईवडिलांपाशी.

यंदा दिवाळीनंतर मी आईच्या ऑफिसातल्या एका मावशींना शोधून काढलं. डोंबिवलीला लेकाकडे असतात, एक्याऐंशी वर्षांच्या. स्टॉकहोमच्या त्या बायकांची गोष्ट सांगितली आणि पाच वह्या पुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा बदलला. ‘प्रत्येकीचा हात वेगळा असतो गं,’ म्हणाल्या, ‘पण तुझ्या आईचा हात स्वच्छ.’ बोट ठेवून ठेवून वाचू लागल्या. मी काय ऐकणार होते कोण जाणे. ‘विथ रेफरन्स टु युवर लेटर डेटेड द नाइन्थ इन्स्टंट… वी रिग्रेट टु इन्फॉर्म यू…’ दुसरी वही, तेच. तिसरीत लोखंडी सळ्यांचा भाव. मावशी हसायला लागल्या. ‘अगं, ऑफिसच्या वहीत आणखी काय असणार?’

चौथ्या वहीच्या एका पानावर, तांबड्या रेघेच्या उजवीकडे, अगदी खाली कोपऱ्यात, पेन्सिलीने साध्या देवनागरीत लिहिलं होतं. त्याला मावशींची गरज नव्हती.

छाती २४, उंची २२, बाही ६. पुढच्या वेळी एक इंच वाढवून.